गावच्या घरातला बार: अठरा बाटल्यांच्या यादीआधी पाणी, बर्फ आणि लिंबू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूरकडच्या गावात नवं घर झालं, दिवाळीनंतर पुण्या-नागपूरचे मित्र आणि सासरची मंडळी येत राहणार, म्हणून घरात नीट बार करायचा आहे. अठरा बाटल्यांची यादी झाली, सागवानी काउंटरचं माप सुताराकडे गेलं, आणि आता विचारताय की यादीत काय राहिलं.

भाऊ, यादीत पाणी राहिलं, बर्फ राहिला आणि लिंबू राहिलं. मी नागपूरच्या हॉटेलांत आणि नंतर पेंचकडच्या एका रिसॉर्टात बार सांभाळत आलो आहे. आपल्याकडच्या उन्हात पाहुणा खूश होऊन उठतो तो थंड, स्वच्छ आणि मापात भरलेल्या पेल्यामुळे. कपाटात किती लेबलं होती ते त्याच्या लक्षातही राहत नाही. तेव्हा अठरापैकी बारा बाटल्या खोडा. त्या पैशाचं काय करायचं ते पुढे सांगतो.

पाण्यापासून सुरू करू, कारण तुमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात, बोअरचं पाणी खारट लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण साठ मिली व्हिस्कीत शंभर-सव्वाशे मिली पाणी घातलं की त्या पेल्यात साधारण दोन-तृतीयांश पाणीच असतं. ते मचूळ असेल तर बाटली कितीही महागाची असो, चव पाण्याचीच येणार. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तिथेच राहतात, उलट थोडे दाटच होतात. पिण्यासाठी, बर्फासाठी आणि साखरेच्या पाकासाठी आरओचंच पाणी घ्या. घरात मशीन नसेल तर वीस लिटरचा जार भरून आणा आणि तो फक्त याच कामाला ठेवा. नळाला चांगलं पाणी येत असेल तर तेही चालेल, पण पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी चाखून बघा.

आता बर्फ. गावातल्या बैठकीत सगळ्यात आधी संपतो तो बर्फच. फ्रीजच्या दोन ट्रेमध्ये तीन-चार पेल्यांपुरता बर्फ होतो, मग उरलेली बैठक कोमट सोड्यावर निघते. उन्हाळ्यात माणशी एक किलो आणि थंडीत अर्धा किलो धरून चला. एवढा बर्फ एका दिवसात होत नाही, म्हणून चार-पाच दिवस आधीपासून जमवायचा. घरातले स्टीलचे छोटे डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठले की काढून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि डबे पुन्हा भरा. पिशवी उघडी ठेवली तर बर्फाला मटणाचा नाहीतर लसणाचा वास लागतो. बैठकीच्या वेळी ढेप स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने दोन-चार ठोके द्या. मोठे तुकडे हवेत, चुरा नको. मोठ्या तुकड्याचा वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो हळू वितळतो आणि पेला पाणचट करत नाही.

काचेसारखा स्वच्छ बर्फ हवा असेल तर त्याचीही सोपी रीत आहे. छोट्या थर्माकोलच्या किंवा थर्मास-पेटीत पाणी भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून लागते, पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आत काढलं की वरचा भाग पारदर्शक मिळतो. रोजच्या बैठकीला एवढं करायची गरज नाही. व्याही-जावई पहिल्यांदा येत असतील तेव्हा जरूर करा, पेल्याला वेगळीच शोभा येते.

कारखान्याची लादी पेल्यात टाकू नका. ती बहुतेक मासळी, दूध, मंडपातले जार थंड करायला बनते, पिण्याच्या पाण्याची असतेच असं नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण रंग दिसला नाही म्हणून तो बर्फ पिण्याचा ठरत नाही. लादी बाटल्या थंड करायला मात्र उत्तम. मोठ्या घमेल्यात किंवा टबात फोडलेली लादी, तिच्यात पाणी आणि दोन-तीन मुठी जाडं मीठ घालून बीअरच्या आणि सोड्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत फ्रीजला दोन तासांत जमणार नाही एवढ्या थंड होतात. यात पाणी विसरू नका. नुसत्या बर्फाचे तुकडे बाटलीला जिथे टेकतात तेवढ्याच जागी थंडी लागते. सोडा तर थंडच हवा, कारण गार पाण्यात वायू टिकून राहतो आणि कोमट सोडा पेल्यात पडताच फसफसून मरतो. सोड्याच्या मोठ्या बाटल्या घेऊ नका, लहान घ्या. दुसऱ्या पेल्यापर्यंत मोठ्या बाटलीतला दम गेलेला असतो.

लिंबाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. तुमच्यापासून फार लांब नाही, बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात लिंबू स्वस्त असतं, एप्रिल-मेमध्ये भाव चढतो. म्हणून पावसाळ्यातच रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरून ठेवा. ताज्या रसाची सर त्याला नाही, पण बाटलीबंद रसापेक्षा कितीतरी बरा. ताजा रस काढलात तर त्याच संध्याकाळी संपवा. सोबत साखरेचा पाक हवा: साखर आणि पाणी सारख्या वजनाने घ्या, साखर विरघळेपर्यंतच गरम करा, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. बार चालवताना एक गोष्ट पक्की कळली की ज्याला आंबट आणि गोड यांचा तोल साधता येतो त्याला दहा प्रकारच्या बाटल्या लागत नाहीत. साठ मिली दारू, वीस मिली लिंबू, वीस मिली पाक, भरपूर बर्फ घालून झाकणाच्या डब्यात दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा आणि चहाच्या गाळणीने गाळा. रम असो, जिन असो की व्हिस्की, हे माप चालतं. लिंबं जास्त आंबट असतील तर पाक थोडा वाढवा.

संत्र्याला मात्र सांभाळून वापरावं लागतं. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचं संत्रं आपल्या हातात आहे. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं, म्हणजे तुमची दिवाळीनंतरची बैठक नेमकी हंगामात पडते. पण आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो. बियांतल्या आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यांतल्या द्रव्यापासून रसात हळूहळू लिमोनिन तयार होतं, त्याचा तो कडवटपणा. म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका. फोडी आडव्या कापून हलक्या हाताने पिळा, गाळा आणि पंधरा-वीस मिनिटांत वापरा. दुसरं म्हणजे संत्रं गोड असतं, आंबटपणा कमी पडतो. पंचेचाळीस मिली जिन किंवा वोडका, साठ मिली संत्र्याचा रस, पंधरा मिली लिंबू, वर थंड सोडा, कडेला काळं मीठ आणि चिमूटभर भिवापुरी मिरचीचं तिखट. पुण्याच्या मित्राला हे पाजा. असं ताजं संत्रं घातलेला पेला त्याला तिथे सहज मिळत नाही.

आता बाटल्या. सहा पुरतात, आणि माझ्या मते त्या अशा. रोजच्या वापराची एक ब्लेंडेड व्हिस्की, जी तुमच्या पाहुण्यांना ओळखीची आहे तीच, कारण आपल्याकडे दहातले सहा-सात जण व्हिस्कीच मागतात आणि त्यांना प्रयोग नको असतो. दुसरी जरा वरच्या दर्जाची. इथे मी परदेशी लेबलामागे न लागता भारतीय सिंगल माल्ट सुचवीन, बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन. पाहुण्यासमोर ठेवायला अभिमान वाटावा अशा या बाटल्या आहेत. ही बाटली सोड्यात बुडवायची नाही. चमचाभर साधं पाणी घालून द्यायची, तेही जेवणाआधी, जिभेवर तिखट बसण्यापूर्वी. तिसरी काळी रम. ओल्ड मंक १९५४ पासून चालत आली आहे आणि थंडीत तिला पर्याय नाही. डिसेंबरात घरातली गडबड शमली की गंजात (पातेल्यात) पाणी, गुळाचा खडा, दोन लवंगा आणि आल्याचा तुकडा उकळा, गॅस बंद करा, मग पेल्यात रम घेऊन वरून ते पाणी ओता आणि लिंबू पिळा. रम गॅसवर उकळायची नाही, तिची वाफ पेट घेते. चौथी जिन. जिनचा वास आवडत नसेल अशी मंडळी जास्त असतील तर वोडका घ्या, दोन्ही नकोत. पाचवी-सहावी म्हणजे नाशिककडची एक लाल आणि एक पांढरी वाइन, तीही कोणी पिणारं येत असेल तेव्हाच. वाइन उघडली की फ्रीजमध्ये ठेवूनही तीन-चार दिवसांतच तिची मजा जाते.

तुमच्या यादीतली टकीला, व्हर्मुथ, कॉफीची आणि क्रीमची लिकर, निळं क्युरासाव, हे सगळं खोडा. व्हर्मुथ ही वाइनच आहे, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. क्रीमची लिकर आपल्या मे महिन्यात बाहेर राहिली तर फाटते. आणि एकदा हौसेने उघडलेली निळी बाटली पुढच्या दिवाळीलाही तशीच दिसेल.

किती आणायचं याचा हिशेब सोपा आहे. ७५० मिलीच्या खंब्यात साठ मिलीचे साडेबारा पेग होतात. दहा पाहुण्यांत सहा पिणारे आणि प्रत्येकी तीन मोठे पेग धरले तर अठरा पेग, म्हणजे दीड खंबा. दोन आणा, झालं. तीनपेक्षा जास्त पेगांची तयारी यजमानाने करूच नये. बीअरच्या बाबतीत तर बहुतेकांचा हिशेब चुकतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे साठ मिलीत साधारण सव्वीस मिली अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत बावन्न मिली असतं. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन मोठे पेग. ‘आपण तर नुसती बीअर घेतली’ म्हणत तिसरी बाटली संपवणाऱ्याने सहा पेग घेतलेले असतात. घरच्या बैठकीला पाच टक्क्यांच्या आतली माइल्ड बीअरच आणा. आणि तीस-साठचं पेग मेजर घ्या. अंदाजाने ओतणाऱ्याचा हात दुसऱ्या पेगनंतर सैल होतोच.

भांड्यांवर फार खर्च नको. तीनशे मिलीच्या आसपासचे बसके जाड बुडाचे ग्लास आणि तेवढेच उंच ग्लास, माणसांपेक्षा चार-चार जास्त. लिंबू पिळणी, लांब दांड्याचा चमचा, चहाची गाळणी, बर्फाचा चिमटा, ओपनर. वाइनचे ग्लास आणायचेच तर चार.

पैसे वाचले ते कशावर घालायचे, तर चांगल्या थर्मास-पेटीवर, आरओवर आणि न पिणाऱ्यांच्या पेल्यावर. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपला मुलूख शेगावच्या गजानन महाराजांचा आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांचा आहे. प्रत्येक घरात माळकरी आहेत, उपास धरणारे आहेत, दारू सोडलेले आहेत. गाडी चालवणारा एक तरी असतोच. त्या माणसापुढे रंगीत कोल्ड्रिंकची कोमट बाटली ठेवणं हा त्याचा अपमान आहे. त्याला त्याच ग्लासात, त्याच मोठ्या बर्फावर, तेवढ्याच निगुतीने द्या: उन्हाळ्यात भाजलेल्या कैरीचं गुळाचं पन्हं, जिरं-सांबार (कोथिंबीर) घातलेला मठ्ठा, ज्वारीची आंबील, थंडीत संत्रं-लिंबू-आल्याचा सोडा. पन्ह्यात थोडा सोडा आणि काळं मीठ घातलं की पिणारेही पहिला पेला तोच मागतात, आणि एप्रिल-मेमध्ये ते बरंच आहे. पंचेचाळीस अंशांच्या दिवसभर उन्हातून आलेल्या शरीरात पाणी आधीच कमी असतं, त्यात दारू लघवी वाढवते. आधी दोन ग्लास पन्हं किंवा पाणी, दिवस मावळल्यावर बैठक, आणि दर पेगमागे एक ग्लास पाणी, हा नियम घरात लावून घ्या. सोडलेल्या माणसाला ‘एकच घे’ म्हणून आग्रह कोणी केला तर यजमान म्हणून तुम्ही तिथेच थांबवा.

चखणा भरपेट हवा. भाजलेल्या फल्ली शेंगा, पोह्याचा चिवडा, भरड्याचे वडे, सांबारवडी, उकडलेली अंडी. पोटात तेल-प्रथिनं असली की दारू हळू चढते. नुसत्या खारवलेल्या शेंगदाण्यांनी तहान वाढते आणि माणूस ती दारूने भागवतो. सावजी मटण शेवटी, जेवणातच. त्या रश्शाच्या तिखटापुढे सिंगल माल्टची चव लागत नाही, लिंबू-सोडा आणि हलकी बीअर मात्र छान जाते.

कायद्याचं नीट बघा. आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी, बाळगण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो, तुम्ही कायमचा काढून घ्या. परवान्यावर किती साठा ठेवता येतो त्याला मर्यादा आहे, ती राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून मगच खरेदी करा. व्हिस्की-रमसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, हे भाचे-पुतणे बैठकीत बसतात तेव्हा लक्षात ठेवा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. वर्ध्याच्या सोयऱ्याला निघताना बाटली भेट देऊ नका, वाटेत तो अडचणीत येईल. २०२५ मध्ये शुल्क वाढल्यापासून बैतूल-छिंदवाड्याकडून स्वस्तात आणून देणारे गावोगाव भेटतील. दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी असलेली बाटली इथे बाळगणं गुन्हा आहे, आणि तशा बाटल्यांत भेसळीचाही धोका असतो. मोहाच्या हातभट्टीची हौस पुण्याच्या मित्रांना फार असते. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. हातभट्टीत मिथेनॉल असेल तर ते वासाने, चवीने किंवा काडी लावून ओळखता येत नाही, आणि त्याने डोळे जातात, जीव जातो.

परतीची सोय बैठकीआधी ठरवा. रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅमवर अल्कोहोल गेलं की गाडी चालवणं गुन्हा, आणि एवढं व्हायला फार पेग लागत नाहीत. रात्री अंधारात उभ्या असलेल्या बैलगाड्या, कापसाच्या ट्रॉल्या, रस्त्यात आलेली रानडुकरं यांच्यामधून मोटरसायकलने कोणाला पाठवू नका. ओसरीवर चार बाजा आणि गाद्या तयार ठेवा, चाव्या आधीच एका ठिकाणी जमा करा.

राहिला काउंटर. बैठकीच्या खोलीत काचेच्या शोकेसमध्ये, आतून दिवे लावून बाटल्या मांडायचा तुमचा बेत दिसतो. तो सोडा. उजेड आणि उष्णता दोन्हींनी दारूचा रंग-चव उतरते, आणि पश्चिमेच्या भिंतीला किंवा टिनाच्या छपराखाली मे महिन्यात कपाट भट्टी होतं. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीला, बंद लाकडी दाराचं, कुलपाचं कपाट करा. मुलं घरात आहेत, कुलूप हवंच. व्हिस्की-रम उभीच ठेवा, आडवी नाही, कारण तीव्र दारूने बूच खराब होतं. अर्ध्याखाली गेलेली बाटली हवेने हळूहळू उतरते, ती लहान बाटलीत भरा किंवा सहा महिन्यांत संपवा. सागवान वापरायचंच असेल तर त्या कपाटाशेजारी कमरेएवढ्या उंचीचा एक ओटा करून घ्या, वर दगडी फरशी, खाली थर्मास-पेटी बसेल एवढी जागा आणि मागे प्लगचं बटण. सुताराला माप देण्याआधी थर्मास-पेटी विकत घ्या आणि तिच्या मापाने खालचा कप्पा काढा.